मखमलचा हात

गॅरेजात त्याला सगळे मखमल म्हणत. माणूस मऊ होता म्हणून नव्हे. तोंडानं तो चांगलाच खरखरीत होता, चहा गार मिळाला तरी चहावाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण त्याच्या हातून रंगून निघालेल्या गाडीवरून बोट फिरवलं की बोट थांबायचं नाव घेत नसे. ठोकून आलेल्या गाडीचा पत्रा डेंटर सरळ करायचा, आणि मग ती मखमलच्या ताब्यात यायची. पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं, मग रंग. मधूनमधून तो डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि नेमक्या जागी खडूनं गोल काढायचा. डोळा फसतो, हात फसत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे, आणि जुन्यांना ते दर वेळी पुन्हा ऐकावं लागे.

गॅरेजात एक रीत होती. चेपा कसा पडला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही. खांबाला लागली असेल, भिंतीला लागली असेल, आणखी कशाला लागली असेल. आपण पत्रा बघायचा, माणूस बघायचा नाही. मखमलनं ही रीत सगळ्यांपेक्षा कडक पाळली, आणि त्याला कारण होतं. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा स्कूटरवरून घरी येताना रस्त्यात गेला. कुणाच्या तरी भरधाव गाडीनं उडवलं आणि ती गाडी थांबलीही नाही. तेव्हा भाचा अजून बोट धरून चालत होता. मखमल आपलं अंथरूण उचलून ताईकडे राहायला आला तो कायमचाच. त्याचं लग्न राहून गेलं. थिनरचा वास मारणाऱ्याला पोरगी कोण देतो, असं तो स्वतःच म्हणायचा, म्हणजे मग दुसऱ्या कुणाला म्हणायची सोय राहत नसे.

त्या थिनरनं पुढे त्याच्या नाकाची वाट लावली. मग डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि गॅरेजच्या मालकानं गोड बोलून त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तो दोन खोल्यांच्या त्या घरात खिडकीशी बसून खालून जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचा. भाचा मात्र नशीब काढून मोठा झाला. स्वतःची कंपनी काढली, चांगली चालवली, चांगली विकली, शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहायला गेला. आईला आणि मामाला दर आठवड्याला भेटायला यायचा, यात कधी खंड पडला नाही. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अशा एका भेटीत त्यानं गाडीचं काढलं. त्याला गाड्यांच्या शर्यतीत शोभेल अशी गाडी हवी होती, आणि त्यातल्या दोन त्याला सारख्याच आवडल्या होत्या. वापरलेल्या महागड्या गाड्या विकणाऱ्या एका शोरूममध्ये त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण दोन्ही राखाडी, दोन्ही जमिनीला पोट टेकून बसलेल्या, दोन्हींत माणसं फक्त दोन मावतात आणि दोन्ही डोळ्याचं पातं लवायच्या आत रस्त्याच्या टोकाला पोचतात. एकीचं इंजिन मागे होतं तर दुसरीचं पुढे, एकीचा आवाज जाड तर दुसरीचा बारीक. मित्रांमध्ये दोन तट पडले होते. मोबाइलवर फोटो दाखवून तो मामाला तासभर समजावत बसला. मखमलला वाटलं, हे म्हणजे उडदामाजी काळंगोरं निवडायचं. पण पोराचे डोळे चमकत होते म्हणून तो मान हलवत राहिला.

ताई ओट्याशी पाठ करून उभी होती. भाचा गेल्यावर तिनं नळ बंद केला आणि भावाकडे वळली.

"त्याला नको म्हण. माझं तो हसण्यावारी नेतो. तुझं ऐकेल. तू गाड्यांतला माणूस."

"म्हणतो."

"नुसतं म्हणू नकोस. थांबव त्याला. मला पुन्हा कुणी दार वाजवून सांगायला यायला नको."

मखमलनं कबूल केलं. ताई आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागत आली होती, आणि ही मागताना तिचे हात ओले होते, ते तिनं पुसलेही नव्हते.

दोन दिवसांनी भाचा त्याला न्यायला आला. वाटेत मखमलनं मनात वाक्य जुळवून ठेवलं. दोन्ही नको, असं म्हणायचं. आईसाठी नको. एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं, कारण जास्त बोललं की पोरगं वाद घालतं आणि वादात ते हरत नाही.

शोरूम थंडगार होतं आणि फरशीत दिवे दिसत होते. सेल्समननं मखमलच्या चपलांकडे एकदा पाहिलं आणि मग पुन्हा पाहायचं टाळलं. भाच्यानं मात्र त्याला खांद्याला धरून पुढे आणलं आणि चारचौघांत म्हणाला, "हे माझे मामा. यांच्या हाताला जे कळतं ते तुमच्या मशीनला कळत नाही." मग त्याच्याकडे वळून हळूच म्हणाला, "मामा, तू हात फिरव. तू सांगशील ती घेतो. बाकी सगळ्यांनी डोकं खाल्लंय माझं."

आता यात मखमलची चूक काय आणि वयाची काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. त्याला घरी बसवल्यापासून त्याचा हात कुणी मागितला नव्हता. सेल्समन अदबीनं बाजूला झाला. मखमलनं तळहात शर्टाला पुसले आणि डोळे मिटून पहिल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. हाताला बारीक रवाळ लागलं. चांगली होती, पण रवाळ होती. तो दुसरीकडे गेला. बॉनेट, दार, मागच्या चाकावरच्या पत्र्याची उठावदार रेघ. हात निघाला तो कुठे अडलाच नाही. चाकावर रेघ इतकी हळुवार वळली होती की त्यानं हात मागे नेऊन पुन्हा एकदा फिरवला.

"ही," तो म्हणाला.

भाच्यानं टाळी वाजवली. सेल्समननं मामांची नजर म्हणजे नजर, असं काहीतरी सांगितलं. वाटेत जुळवलेलं वाक्य मखमलच्या तोंडातच राहिलं, आणि ते राहिलं हे त्याला जिना चढताना आठवलं. ताईनं दार उघडून विचारलं, बोललास का. तो म्हणाला, बघून आलो, उद्या बोलतो. ती ताटं घ्यायला वळली. तिला कळलं होतं.

जेवणं झाली. मखमल नेहमीप्रमाणे ताटं पुसत होता. गुळगुळीत स्टीलवरून फडकं फिरता फिरता त्याचा हात एकदम थांबला. कंपनीतून निघालेला रंग कधीच इतका गुळगुळीत नसतो. त्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक रवा असतोच. हे त्यानं गॅरेजात किती जणांना शिकवलं होतं. ज्या गाडीवर रवा नाही, तिच्यावर कुणीतरी बसून दिवसच्या दिवस घासलंय. आणि ती रेघ. कंपनीची रेघ सुरीसारखी असते. हळुवार रेघ तेव्हाच निघते जेव्हा खाली पुट्टी असते, आणि पुट्टीची धार उडेल या भीतीनं रंगारी ती जरा गोल ठेवतो. मखमल गोल ठेवायचा. डेंटर त्याला त्यावरून चिडवायचा.

मग त्याला गॅरेजात रंगवलेला एक सांगाडा आठवला. गाडी म्हणून त्यानं ती पाहिलीच नव्हती. ना चाकं, ना दिवे, ना काचा, ना बसायच्या जागा. दारं वेगळी, बॉनेट वेगळं, सगळं कागद चिकटवून आलेलं, आणि रंग झाल्यावर ते जोडणीसाठी दुसरीकडे गेलेलं. राखाडी रंग तर त्यानं शेकडो गाड्यांना दिला होता. पण या सांगाड्यामागे एक गृहस्थ आले होते. त्यांचा तरणा मुलगा ती गाडी चालवताना गेला होता. विचारायचं नाही ही रीत होती, पण त्यांनी न विचारता सांगितलं. गाडी मोडीत काढवत नाही, कारण मुलाचा तिच्यावर फार जीव होता, आणि अशी बघवतही नाही. "काहीच झालं नाही अशी कर," एवढंच ते म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. मखमलनं तशी करून दिली. जन्मात केलं नव्हतं असं काम केलं. नंतर त्यांनी ती विकून टाकली, असं कानावर आलं होतं.

सकाळी शोरूम उघडायच्या आधीच तो दारात जाऊन उभा राहिला. सेल्समनला वाटलं, म्हातारा आपल्या निवडीचं कौतुक करायला आलाय. त्यानं हौसेनं मागचं झाकण उघडून दिलं. मखमलनं गालिच्याचा कोपरा उचलला. पत्र्याच्या सांध्यावर मेणासारखा मसाला भरलेला असतो, तो अंगठ्यानं ओढून बसवतात. मखमलचा अंगठा एकदा दारात चिरडून वाकडा झाला होता, त्यामुळे त्याचा फराटा कडेला फाटायचा. तो तिथं होता, सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला आणि गालिचा पुन्हा नीट बसवला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तिथून तो बस बदलत भाच्याच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. मुलगा कोण होता, बाप कसा बसला होता, आपण काय केलं होतं, काल काय चुकलं. भाच्यानं ऐकता ऐकता मामाला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा लावला. बोलणं संपल्यावर त्यानं मामाच्या हातांकडे पाहिलं.

"मामा, तुझा स्वतःचा हात तुला ओळखता आला नाही?"

"नाही आला."

"बरं झालं सांगितलंस. मग ती राहू दे. पहिली घेतो. ती तर अस्सल आहे ना, तूच म्हणतोस."

तेव्हा कुठे मखमलच्या तोंडून ते वाक्य निघालं. "दोन्ही नको घेऊस. आईसाठी नको."

भाचा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "हे काल म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं, खरंच. काल तू सांगशील ते मी ऐकणार होतो. आज तू घाबरून बोलतोयस." मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "त्या मुलाला चालवता येत नसेल रे."

वरातीमागून घोडं आलं होतं, आणि त्या घोड्याला आता कुणी विचारत नव्हतं.

ताईला त्यानं काही लपवलं नाही. ती पलंगावर बसून ऐकत होती. त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर बोल लावेल. तिनं दोन्हीही केलं नाही. तिनं विचारलं, "ज्या गाडीनं ह्यांना उडवलं, ती पण कुणीतरी अशीच करून दिली असेल ना रे? काहीच झालं नाही अशी?"

त्या वर्षीही मखमल गॅरेजात होता. त्या महिन्यातही पुढून चेपलेल्या गाड्या आल्या होत्या, त्यानं डोळे मिटून हात फिरवला होता आणि कुणालाही काही विचारलं नव्हतं. हा विचार त्याला आज पहिल्यांदा आला असं नाही. इतकी वर्षं तो त्याच्यावर पुट्टी भरत आला होता. ताईला हा विचार कधीपासून येत होता, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी आली. आवाज आधी आला, मग गाडी. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, पोरंटोरं गोळा झाली. ताई आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मखमल एकटाच जिना उतरला. भाचा गाडीला टेकून उभा होता, लहानपणी पहिली सायकल आणली तेव्हा उभा होता तसाच. त्यानं आईसाठी वर पाहिलं, क्षणभर वाट पाहिली, आणि मग मामाचं मन राखायला म्हणाला, "हात फिरव ना, मामा."

नाही कसं म्हणणार? त्यानं तळहात शर्टाला पुसला आणि डोळे मिटले. बॉनेट, दार, चाकावरची रेघ. सगळीकडे तोच बारीक रवा होता, आणि रेघ सुरीसारखी बोटाला लागत होती. कुठे पुट्टी नाही, कुठे घासकाम नाही, कुणाचाच हात नाही. या वेळी त्याचा हात फसला नव्हता. या गाडीला अजून काही झालेलं नव्हतं.

"कशी आहे?" भाच्यानं विचारलं.

"चांगली आहे," मखमल म्हणाला. "सावकाश चालव."

भाचा हसला, आत बसला, आणि कोपऱ्यापर्यंत खरोखरच सावकाश गेला. कोपऱ्याच्या पलीकडे आवाज एकदम चढला. मखमल जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून तो विरेपर्यंत ऐकत राहिला, आणि वर, लोटलेल्या दाराआड, ताईही तेच करत होती.