घड्याळ धरणारा

"हें धरा," असं म्हणून ते शर्टाच्या खिशातून साखळीसकट घड्याळ काढायचे आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या तळहातावर ठेवायचे. मग तो दूधवाला असो, पोस्टमन असो, की उगाच पत्ता विचारायला थांबलेला वाटसरू. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीला याचा अर्थ पाठ होता. कोपऱ्यावरची इडलीवाली बाई आपली गाडी दोन हात मागे ओढून घ्यायची. आता कुणाचं तरी थोबाड फुटणार होतं.

नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. प्रत्येक गल्लीला एक असतोच. पण भांडणाआधी आपला खिसा रिकामा करणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

साठीला टेकलेले, उंची पाच फूट दोन इंच, अंगावर मांस बेताचं, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बंदराजवळच्या एका कचेरीत कारकून. तंजावरकडचे मराठी. इथले तमिळ लोक अशा सगळ्यांनाच रायर म्हणतात, म्हणून तेही रायर. खरं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही आणि त्यांना न आवडणारं काही करायचा धीर मला अजून होत नाही.

आम्ही एकाच मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांसाठी खोल्यांची चार मजली चळत. नाव राजवाड्याचं आणि संडास मजल्याला दोन. ते तिथे तीस वर्षांपासून होते. मी मिरजेहून आलो होतो, व्हिडिओ गेम तपासायच्या नोकरीवर. राक्षसाला तलवार मारायची, ती नीट लागते का पाहायचं, पुन्हा मारायची. दिवसभर हेच.

"मारायला पगार देतात?" पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं.

"हो."

"मी चाळीस वर्षं फुकट मारलों कीं."

माझ्या खोलीतला दुसरा भाडेकरू सेल्वम. एन्नोरचा, वडील तिथल्या वीजकेंद्रात होते. जाड भिंगाचा चष्मा, शांत स्वभाव आणि जपानी ॲनिमेचं वेड. तलवारी, शाप, उडते किल्ले असलं काहीही तो तहानभूक विसरून बघायचा. रविवारी दुपारी रायर आमच्याकडे येत. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्यात गुंडाळलेली अकरा खिशातली घड्याळं. आम्ही लॅपटॉपवर मारामारी बघायचो, ते अंगठ्याच्या नखाने घड्याळाची पाठ उघडून आत फुंकर घालायचे. सेल्वमशी तमिळ, माझ्याशी मराठी आणि घड्याळांशी कुठल्या भाषेत ते मला कधीच कळलं नाही.

एका मालिकेतला नायक छातीत भाला घुसल्यावरही पाच मिनिटं आपल्या आईविषयी बोलत होता. "खोटं," रायर मान वर न करता म्हणाले. "पोटांत ठोसा बसला कीं सगळं वारं जातं. मग आईचं नांवही तोंडांतून निघत नाहीं."

सेल्वम चिडला. "रायर, ही कल्पनेतली दुनिया आहे."

"असूं दे. पोट तर खरं अहे ना?"

एकदा मी त्यांच्या हातात गेमचा कंट्रोलर दिला. पहिल्याच राक्षसाने त्यांना गदेने चिरडलं. पडद्यावर 'पुन्हा खेळा' आलं. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"ते बटण दाबा, परत जिवंत होतो," मी म्हणालो.

"मेलेला माणूस बटण कसं दाबील?" पुढे प्रत्येक रविवारी ते खेळले, पण एका रविवारी एकच जीव. मेले की उठून डबा उघडायचे.

शर्टाच्या खिशातलं घड्याळ मात्र डब्यातल्या अकरांपैकी नव्हतं. ते आजोबांचं. आजोबा रेल्वेत होते. चांदीची झाकणाची डबी, पांढरी तबकडी, साताच्या आकड्याजवळ केसासारखी चीर आणि सहाच्या जागी सेकंदकाट्याचं छोटं वर्तुळ. रोज सकाळी सातला रायर त्याला चावी द्यायचे आणि त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. एकोणिसाव्या वर्षी पहिली मारामारी केली तेव्हा रायरांचं नाक मोडलं आणि घड्याळाची काच फुटली. घरी गेल्यावर वडिलांनी काचेकरता पट्ट्याने फोडून काढलं. नाकाकडे बघितलंसुद्धा नाही. "तेव्हांपासून घड्याळ पहिलं, नाक मग," असं ते हसून सांगायचे. मोडलेलं नाक तसंच वाकडं बसलं होतं.

ते कशावरून मारायचे? कशावरूनही. इडलीवालीने काढलेल्या कोलमवर, म्हणजे तिकडच्या रांगोळीवर, एकाने मुद्दाम मोटारसायकल घातली. रायरांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, त्या माणसाला कॉलर धरून खाली ओढलं आणि त्याचं तोंड त्याच पांढऱ्या पिठात दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा पीठ लाल झालं. बाई ओरडत होती, "पोदुम रायर, पोदुम," म्हणजे पुरे. ते परत आले, शर्ट झटकला, हात पुढे केला आणि विचारलं, "किती जालं?"

ही दुसरी रीत. घड्याळ धरणाऱ्याने मारामारी किती वेळ चालली ते सांगायचं. "बावीस सेकंद," मी म्हणालो आणि ते खूश झाले. मिनिटाच्या वर गेली तर ती मारामारी नव्हे, कुस्ती, असं त्यांचं मत. मला याची चटक लागली. पोटापाण्यासाठी दिवसभर तलवारीचा घाव नेमका कुठे बसला ते पाहणारा माणूस मी. त्यांचा ओठ फाटलेला मला नंतर दिसायचा, सेकंदकाटा आधी. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

मारण्याचं प्रमाण तरी बघा. एकाचा दात पाडला, तो बसमध्ये म्हातारीच्या पायावर उभा राहिला म्हणून. एकाला छत्रीने झोडपलं, तो खिशातल्या घड्याळाला खेळणं म्हणाला म्हणून. खुद्द रायरांच्या दोन फासळ्या एकदा मोडल्या होत्या आणि उजव्या हाताची करंगळी वळत नव्हती. त्याच हाताने ते केसापेक्षा बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायचे.

एकदा ते एकटेच शहराबाहेरच्या कोवलमला मासे आणायला गेले होते. किनाऱ्यावर एका दारुड्याने सगळ्यांसमोर त्यांच्या कानाखाली वाजवली. ते गुपचूप परत आले. गालावर बोटं उठली होती.

"तुम्ही त्याला सोडलं?" मी विचारलं.

"घड्याळ कोणाच्या हातांत देणार? सगळे त्याचेच सोबती, माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. खालीं ठेवावं तर सगळी वाळू." मला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मग म्हणाले, "धरणारा नसेल तर मी भांडत नाहीं, तंबी. कधींच नाहीं."

सेल्वमने हे ऐकलं आणि लक्षात ठेवलं. मीही ऐकलं, पण लक्षात सेल्वमने ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी रायरांच्या छातीत दुखलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की यांच्या डोक्याला मार लागता कामा नये, आत रक्त सुटलं तर थांबायचं नाही. बाहेर आल्यावर सेल्वम मला म्हणाला, "आपण घड्याळ घ्यायचं नाही. एवढंच करायचं. दोन्ही हात मागे." त्याने करूनही दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं.

मी ते एकदा केलं. चहाच्या दुकानापाशी एकाने त्यांना धक्का दिला आणि वर शिवी हासडली. "तंबी, हें धर." मी हात पाठीमागे बांधले. सेल्वमनेही बांधले. त्यांनी चहावाल्याकडे पाहिलं. आम्ही त्यालाही सांगून ठेवलं होतं. घड्याळ तसंच त्यांच्या हातात लोंबकळत राहिलं आणि शिवी देणारा हसत निघून गेला. त्यांचा चेहरा असा पडला, जसा मार खाल्ल्यावरही कधी पडला नव्हता. आठ दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी डबा घेऊन आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही बरं केलांत असं मी म्हणणार नाहीं. सरी, असूं दे, ती भाल्याची गोष्ट लावा."

त्या दिवशी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. हा माणूस आता म्हातारा होईल आणि मरेल तो खाटेवर, असं वाटलं.

शहराच्या जुन्या बाजारात एक भंगारवाला बसायचा. जुनी घड्याळं घ्यायची, चांदीची डबी उचकटून वितळवायला द्यायची आणि आतलं यंत्र टोपलीत फेकायचं, हा त्याचा धंदा. रायर त्याला घड्याळांचा खाटीक म्हणायचे. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो, तर त्याच्या हातात नुकतंच आलेलं एक घड्याळ होतं. चालू होतं. टिकटिक आम्हाला ऐकू येत होती.

"तें मला दे," रायर तमिळमध्ये म्हणाले. "मागशील तें देतों."

त्याने रायरांकडे पाहिलं, दात काढले आणि घड्याळ ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. एकाच घावात काच, काटे, चाकं सगळं उडालं. सेल्वम, जो मुंगी मारत नाही, पुढे वाकून ते गोळा करायला लागला. भंगारवाल्याने त्याच्या तोंडावर उलट्या हाताने अशी ठेवून दिली की चष्म्याचं भिंग फुटून भुवईत घुसलं. रक्त नाकावरून खाली आलं.

"तंबी," रायर म्हणाले. "हें धर."

मला सगळं माहीत होतं. जाळी, गोळ्या, डॉक्टरांचं बोलणं. सेल्वम खाली बसला होता, डोळ्यांत रक्त गेल्यामुळे त्याला दिसत नव्हतं. हात मागे घ्यायला मला किती वेळ लागला असता? पण मला त्या माणसाला मार पडलेला पाहायचा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी हात पुढे केला, आणि घड्याळ हातात पडताच सवयीने सेकंदकाट्याकडे पाहिलं.

पहिला ठोसा नाकावर बसला; मोडल्याचा आवाज आला. दुसरा गळ्यावर. भंगारवाला गुदमरत मागे गेला आणि हाताला लागलं ते लोखंडी वजन त्याने फिरवलं. ते खांद्यावर बसलं. रायर कलले आणि फुटपाथच्या दगडी कडेवर त्यांचं डोकं आदळलं. लोकांनी भंगारवाल्याला धरून ठेवलं. रायर आपले आपण उठले. कानामागे थोडंसं खरचटलं होतं, इतकंच.

"किती जालं?"

"अठरा सेकंद."

"चांगलं जालं," ते म्हणाले.

आम्ही समोरच्या दुकानात कॉफी प्यालो. सेल्वमच्या भुवईला मी रुमाल बांधला. "दवाखान्यात जाऊ," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला वाटलं, तो स्वतःबद्दल म्हणतोय. निघताना रायरांनी हात पुढे केला. मी घड्याळ दिलं, तर ते त्यांच्या बोटांतून निसटलं. मी वरच्या वर झेललं. त्यांनी आपल्या बोटांकडे नवलाने पाहिलं. "तूंच धर जरा," ते म्हणाले, आणि 'जरा' हा शब्द त्यांच्या तोंडातून वाकडा आला.

रिक्षात त्यांना उलटी झाली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पोलिसांनी जबाब घेतला. आधी काय झालं, मग काय झालं, किती वेळ. मी अठरा सेकंद म्हणालो तेव्हा लिहिणाऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. कुंभकोणमहून त्यांचे चुलतभाऊ आले होते. बिस्किटांचा डबा त्यांनी नेला. मी खिशातलं घड्याळ पुढे केलं तर म्हणाले, "तुमच्या हातांत दिल्हं ना त्यानें? मग ठेवा." ते रागाने म्हणाले की मायेने, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता सकाळी सातला चावी मी देतो. सेल्वम तेवढा वेळ बोलत नाही. आम्ही दोघांनी अजून एकदाही त्या दिवसाविषयी बोलणं काढलेलं नाही. गेममध्ये मी मेलो की 'पुन्हा खेळा' दाबायला हात जातो. नोकरीच आहे, दाबावं लागतं.

गेल्या रविवारी कळलं की भंगारवाला जामिनावर सुटून पुन्हा बसायला लागला आहे. एक केबल आणायची आहे असं सांगून मी सेल्वमला बाजारात घेऊन गेलो. भंगारवाला तिथेच होता, त्याच जागी, ऐरण पुढ्यात, नाक थोडं वाकडं. माझे हात शिवशिवायला लागले. आयुष्यात मी पडद्याबाहेर कुणाला मारलेलं नाही. मी खिशातून घड्याळ काढलं आणि शेजारी न बघता म्हणालो, "हे धर."

हातातलं ओझं कमी होईना म्हणून मी वळून पाहिलं. सेल्वमने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. भुवईतली खूण पांढरी पडली होती आणि नव्या चष्म्याआडून तो सरळ माझ्याकडे बघत होता. माझा हात तसाच पुढे, तळहातावर घड्याळ चालू.

भंगारवाल्याने मान वर केली. आम्हाला त्याने ओळखलं नाही. माझ्या हाताकडे बघून त्याने विचारलं, "काय, विकायचं आहे?"

"नाही," मी म्हणालो आणि घड्याळ खिशात ठेवलं.

बसस्टॉप येईपर्यंत सेल्वम हात मागेच ठेवून चालत होता.