शर्मिलाने न बदललेलं इतिवृत्त

शर्मिला सोनकांबळे एका सरकारी मलनिस्सारण मंडळात कामगार अधिकारी. युनियनशी बोलणी करायची आणि जे ठरेल ते कागदावर आणायचं, हे तिचं काम. बारा वर्षं साहेबलोक तिला युनियनची समजत आले आणि युनियनवाले साहेबांची. तिने दोघांचंही मनावर घेतलं नाही.

पावण्याच्या पंपिंग स्टेशनवर गॅसने दोघं बेशुद्ध पडले आणि कामगारांनी चेंबरमध्ये उतरणं बंद केलं. चौथ्या दिवशी बैठक बसली. युनियनचा सेक्रेटरी कमळाकर म्हात्रे, पावण्याचाच भूमिपुत्र, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "गॅस मोजल्याबिगर आमचा एक मानूस खाली जानार नाय. मशीन कुठं हाय?"

"मागवलंय," मुख्य अभियंता म्हणाले.

"कधी, सर?" शर्मिलाने विचारलं.

साहेब समोरची फाइल चाळायला लागले. मागणीपत्रच निघालं नव्हतं. शेवटी त्यांनाच कबूल करावं लागलं, की मशीन येईपर्यंत कोणी उतरायचं नाही.

संध्याकाळी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "इतिवृत्तातलं मशीनचं काढा. कामगार बिनशर्त कामावर यायला तयार झाले, एवढंच लिहा."

"तसं ते म्हणाले नाहीत."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"मी तिथे हजर होते, सर."

"उलव्याच्या गोदामात जागा रिकामी आहे, माहितीये ना?"

तिच्या मुलीची, मनस्वीची, यंदा दहावी होती. सानपाड्याच्या घरी दोघीच. तरी ती म्हणाली, "पाठवा. वेगळं लिहायचं असेल तर तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली तुमची सही करा."

साहेबांनी पेन उचललं नाही. शर्मिलाने जावक क्रमांक टाकून इतिवृत्त दोन्ही बाजूंना पाठवलं.

महिन्याभरात मशीन आलं. त्याच आठवड्यात तिची बदलीही आली. कमळाकरचा फोन आला, "म्याडम, तुमच्यासाठी काम बंद करू?"

"अजिबात नको. मशीन वापरा. बदलीविरुद्ध मी अर्ज टाकलाय, माझं मी बघते."

अर्ज अजून वर पडून आहे. उलव्याला पहिल्याच दिवशी तिने गोदामपालाला विचारलं, "कामगारांच्या तक्रारींची वही कुठंय?"

"इथे कुणाची तक्रारच नसते, मॅडम."

मागे तीन हमाल उघड्या हातांनी ब्लीचिंग पावडरची पोती ओढत होते.

"नवी वही आणा," शर्मिला म्हणाली, आणि हमालांना हाक मारली.