आवाजासकट इंजिन

नरहर,

हे पत्र तू वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. तीन ओळींच्या वर काही लिहिलेलं दिसलं की तू चष्मा शोधायला उठतोस आणि चहा करत बसतोस. पण तुझ्या त्या इंजिनावरून आपल्या बुढापारा मोहल्ल्यात जो तो मला रस्त्यात गाठतो आणि प्रत्येकाकडे वेगळीच कथा. कुणी तर म्हणतं, नरहरभाऊंनी खेळण्यापायी बायको घालवली. म्हणून एकदाची नीट लिहून काढते. तुझ्याशी बोलत लिहिलं तर मनातल्या मनातसुद्धा मधे टोकशील. तेव्हा तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. त्यात नरहरची बहीण येईल ती मीच, आणि तिलाही सूट नाही.

नरहर रेल्वेत डिझेल असिस्टंट म्हणून लागला आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला. जन्मभर बहुतेक मालगाड्याच हाकल्या, कोळशाच्या नाहीतर सिमेंटच्या. मालगाडीच्या ड्रायव्हरला घरी यायची वेळ नसते. मोबाइल नव्हते तेव्हा रेल्वे कॉलनीतल्या लोकांनी त्यावर आपला उपाय काढला होता. कॉलनीमागून गाडी जाताना जो तो आपापल्या तऱ्हेने हॉर्न द्यायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण लाइनवर जाणाऱ्या साहेबांच्या बायकाही कान देऊन असत, त्यामुळे कुणी बोलत नसे. नरहरचा हॉर्न म्हणजे एक लांब, दोन तुटक. तो ऐकला की त्याची बायको चित्रा हातातलं काम टाकून अंघोळीचं पाणी चढवायची. गाडी यार्डात लावून, सही करून तो दारात येईपर्यंत पाणी तयार.

हॉर्न झाला आणि माणूस आला नाही, असंही कधी होई. मग कॉलनीतली बाई डोक्यावर पदर घेऊन सरळ स्टेशनात चौकशीला जाई. त्या नोकरीत न येण्याचं कारण सहसा चांगलं नसायचं.

निवृत्तीनंतर त्याने बुढापाऱ्यात घर घेतलं आणि त्याला मॉडेल रेल्वेचा नाद लागला. पुढच्या खोलीत प्लायवूडचं टेबल, त्यावर अंगठ्याएवढ्या रुंदीचे रूळ आणि वीतभर लांबीची इंजिनं. बीरगावचा शेखर, कारखान्यात इलेक्ट्रिशियन, त्याच नादातला. दोघं तासन्‌तास चाकं पुसत बसायचे. बहीण येऊन म्हणायची, "घरातले पंखे पुसा कधी."

मग चित्राला विसरायला होऊ लागलं. आधी दुधाचं भांडं, मग शेजाऱ्यांची नावं, मग परगावी नोकरीला असलेला स्वतःचा मुलगा. एका सकाळी नरहर तिला चहा द्यायला गेला, तर ती म्हणाली, "भैया, आमचे हे लाइनवर गेले आहेत. ते आले की तुमचे पैसे देतील."

भैया. रिक्षावाल्याला म्हणतात तसं. त्या दिवशी तो हसत हसत बहिणीला सांगत होता. महिनाभराने सांगेनासा झाला.

त्याच सुमारास त्याने जन्मभर चालवलेल्या डिझेलचं मॉडेल बाजारात आलं. एक साधं आणि एक कारखान्यातूनच आवाज बसवून आलेलं. आवाजवाल्याची किंमत जवळजवळ दुप्पट आणि ते चालवायला कंट्रोलरही निराळा लागायचा.

"काहून फसून राहिले काका?" शेखर म्हणाला. "साधं घ्या. चिप अन् स्पीकर मी बसवून देतो, चांगला मोठा. कंपनीचा स्पीकर नखाएवढा असते. बिघडला का सगळं इंजिन परत पाठवा."

"कधीपर्यंत बसवशीन?"

"चिप बाहेरून येते. दिवाळी धरा."

"दिवाळीपर्यंत ती मले अंकल म्हणन," नरहर म्हणाला.

बहीण त्याहून फटकळ. "त्या पैशात रात्रीसाठी बाई ठेव. पाणीबिणी तरी वेळेवर गरम करून देईल."

"बाई गरम करून देईन ताई. मले बायकोनं केलेलं पाहिजे."

इंजिन आलं, आवाजासकट.

शेखरचं खरं होतं. इंजिनाची घरघर डब्यात भुंगा अडकावा तशी. एवढ्या मोठ्या यंत्राचा तो आवाज ऐकून नरहरचं तोंडच पडलं. हॉर्न मात्र बरा होता. त्याने कंट्रोलरवरचं बटण दाबलं. एक लांब, दोन तुटक.

दिवाणावर पदराचं टोक चोळत बसलेली चित्रा उठली. स्वयंपाकघरात गेली, मोठं पातेलं नळाखाली धरलं, गॅसवर चढवलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आज लवकर सुटले?"

"हव," नरहर म्हणाला.

पाणी तापेपर्यंत ती त्याची बायको होती. सदऱ्याच्या कॉलरवरून रागावली, डब्यातली भाजी परत का आणली म्हणून विचारलं. तो अंघोळ करून आला तेव्हा पुन्हा भैया झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बटण दाबलं आणि ती पुन्हा उठली. मग रोजच. मग दिवसातून कितीदाही.

बहिणीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी सुनावलंच. "अरे, दर घटकेला तिला पाणी तापवायला लावतोस. दमते ती. आणि तू किती अंघोळी करशील, सर्दीने मरशील."

"तेवढ्या वेळा भेटते ताई."

मे महिन्यातली दुपार. चित्राची गोळी संपली होती. अभनपूरकडची रमा दिवसा तिच्या सोबतीला असायची, तिला दाई, म्हणजे आई म्हणायची. नरहरने तिला सांगितलं, "रोने लगी तो बटन दबा देना," आणि छत्री घेऊन औषधाच्या दुकानात गेला. तिथे गोळी नव्हती म्हणून पुढच्या दुकानात गेला.

आजवर बटण त्यानेच दाबलेलं. हॉर्नमागून माणूस यावा लागतो, हे जन्मभर ज्याने केलं त्याच्याच लक्षात आलं नाही.

चित्रा रडायला लागली. रमाने बटण दाबलं. चित्रा उठली, पाणी चढवलं, दारात उभी राहिली. रमाला वाटलं, झालं काम. ती गच्चीवरचे कपडे आणायला गेली. पाणी उकळलं तरी कुणी आलं नाही. चित्राने गॅस बंद केला, डोक्यावर पदर घेतला आणि अनवाणी घराबाहेर पडली.

नरहर परतला तेव्हा रमा कपडे हातात घेऊन उभी. "दाई रोवत रहिस, त मैं बटन दबा देंव," ती म्हणाली. "तुमन कहे रहेव न."

"हव. मीच सांगितलं होतं." हे तो तिला म्हणाला आणि पुढे पोलिसांनाही. रमाला त्याने एका शब्दाने बोल लावला नाही, लावू दिला नाही.

सगळे आधी घराजवळच्या तळ्याकडे धावले. बहीणही. वेडी-विसरभोळी माणसं पाण्याकडे जातात असं सगळ्यांच्या डोक्यात. नरहर तेवढा आत गेला आणि ओट्यावरचं भरलेलं पातेलं त्याने पाहिलं. मग त्याने स्कूटर स्टेशनच्या रस्त्याला घातली.

ती अर्ध्या वाटेत सापडली. उसाच्या रसवाल्याने तिला ताडपत्रीखाली निजवून डोक्यावर पाणी ओतलं होतं. तळपायांना फोड आले होते, अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात सलाइन, बर्फ, सगळं झालं. डॉक्टर नरहरशी न बोलता बहिणीशी बोलायला लागले, तेव्हा तिला काय ते कळलं.

शेवटच्या संध्याकाळी चित्राने डोळे उघडले. खाटेशी नरहर बसला होता.

"भैया, आमच्या ह्यांचं काही कळलं का? हॉर्न तर झाला होता."

नरहरने तिच्या तोंडाला चमच्याने पाणी लावलं. "येऊन राहिले बाई. गाडी यार्डात लावून राहिले."

"मग ठीक," ती म्हणाली. पहाटे गेली.

तेराव्यानंतर शेखर भेटायला आला. टेबलाकडे पाठ करून बसला. मग चाचरत म्हणाला, "काका, आपल्या मॉडेलवाल्या ग्रुपमधले विचारून राहिले. आवाजवालं घ्यावं का साधं, पैसे वसूल होतात का म्हणून. त्यायले काकूचं काही माहीत नाही. मी सांगून देऊ काही तरी?"

"सांग, होतात."

बहीण भडकली. "नरहर, शुद्धीवर आहेस का?"

"खोटं काहून सांगू ताई?"

शेखर गेल्यावर त्याने इंजिन खोक्यात भरलं आणि सुतळीने बांधलं. बहिणीला म्हणाला, "हे बीरगावला शेखरकडे नेऊन दे. त्याले म्हण, स्पीकर काढून टाक अन् इंजिन वापस दे. मले नाही नेता येत."

"रविवारी नेते," ती म्हणाली.

रविवारी ती ऑटो दारात उभी करून आली. तिने खोकं उचललं, तर नरहर म्हणाला, "ऊन आहे. राहू दे आज." पुढच्या रविवारी आभाळ होतं. तो म्हणाला, "शेखरची ड्यूटी असन." "फोन करून विचार की," ती म्हणाली. त्याने फोन केला नाही. त्यानंतरच्या रविवारी तिचा गुडघा दुखत होता आणि त्याने खोक्याचं नाव काढलं नाही. तिनेही काढलं नाही.