स्वतःचं खातं

नागोयात आमच्या इमारतीत राहणाऱ्या त्या बाई लग्नाआधी पुण्याला बँकेत होत्या. इथे त्या डबे भरायच्या कारखान्यात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या आम्हा बायकांना बँकेत नेऊन जपानी फॉर्म भरून द्यायच्या. दर वाक्याला विचारायच्या, "कळलं ना?"

माझं खातं उघडून बाहेर पडताना मी सहज विचारलं, "तुमचं कुठल्या बँकेत आहे?"

"माझा पगार ह्यांच्या खात्यात जातो. दोनदा फॉर्म आणला होता. ह्यांनी फाडला."

"मग आत्ताच भरू या. मी थांबते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नको. ह्यांचा घरी फोन येईल," म्हणाल्या आणि झपझप निघून गेल्या.

त्यानंतर जिन्यात भेटल्या, की मान खाली घालायच्या. विचारायला नको होतं, असं मला अजून वाटतं. आणि विचारल्यावर त्यांना तसंच जाऊ द्यायला नको होतं, असंही.