कुमुदताई आणि आमचं गोल भिंतीचं घर

आदरणीय कुमुदताईंची आणि माझी ओळख झाली ती आमच्या सटाण्याच्या घराच्या फाटकात, आणि तीही घर पाडायची बोलणी चालू असताना. धाकटे दीर, सुरेशभाऊजी, बिल्डरला शब्द देऊन आले होते. गुरुवारी सह्या व्हायच्या होत्या. ताई नाशिकच्या आर्किटेक्ट. जिल्ह्यातली घरं बघत फिरत होत्या. पुढे आलेल्या सज्जाकडे मान वर करून बघत त्या म्हणाल्या, "अहो, केवढं सुंदर घर आहे हो तुमचं! वारसाच आहे हा!"

मला हसूच आलं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी सासऱ्यांनी बांधलेलं हे घर. सपाट स्लॅब, गोल भिंत, सिमेंटची जाळी, लोखंडी खिडक्या. गावात याला 'दवाखाना' म्हणतात!

"वारसा म्हणजे पंचवटीतली देवळं," भाऊजी म्हणाले. "हे तर सिमेंटचं खोकं!"

"भाऊसाहेब, तुमच्या वडिलांना जुन्या धाटणीचं घर बांधता आलं नसतं का? त्यांना अंधारी माजघरं नको होती. देश नवा, तर राहणंही नवं, हे त्यांनी या गावात करून दाखवलं. पाडल्यावर ते कुठे बघायचं?"

ताई कुणाचा अपमान करत नाहीत, पण मुद्दा सोडतही नाहीत.

माझी पूजा व्हायची आहे म्हटल्यावर त्या चपला काढून पायरीवर बसून राहिल्या. ती होईपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. मग स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "देव इतक्या अंधारात का हो?"

"गोल भिंतीला ईशान्य कोपराच नाही ना, म्हणून," मी म्हटलं.

ताई बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथे गोल भिंतीत मोठा कोनाडा आहे. त्यात इन्व्हर्टरची बॅटरी होती, आणि समोरची जाळी कांद्याच्या दिवसांतली धूळ येते म्हणून आम्ही प्लायवूडने बंद केलेली. बॅटरी हलवून ताईंनी कोनाड्याचा ऑइलपेंट जरासा खरवडला. खाली काजळी निघाली, आणि तिच्यावर कुंकवाची लाल बोटं!

भाऊजी ताडकन उठले. "अरे देवा! इथंच तर आई दिवा लावायची. आम्ही शुभंकरोती म्हणायचो. टीव्ही आला अन् देव आत गेले. विसरलोच की मी!"

"म्हणजे मामंजींनी देवावर ऊन यावं म्हणूनच समोर जाळी केली?" मी विचारलं.

"ते मी छातीठोक सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "प्लायवूड काढा आणि सकाळी बघा. आणि रोज येईलच असंही नाही हं, ऊन ऋतूप्रमाणे सरकतं."

दुसऱ्या कुणी अशा वेळी हो म्हणून टाकलं असतं!

संध्याकाळी कोनाडा धुऊन देव तिथे मांडले. सकाळी पूजेला बसले, आणि जाळीतून उन्हाचे चौकोन थेट बाळकृष्णाच्या अंगावर! मी घंटा वाजवतच राहिले. भाऊजींनी तिथूनच बिल्डरला फोन लावला. "साहेब, गुरुवारचं राहू द्या. नाही, पुढच्या गुरुवारचंही नाही. राहूच द्या."

पुढे दुरुस्तीलाही ताई स्वतः येत राहिल्या. भाऊजी नव्या सरकत्या खिडक्या सांगणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "कशाला? लोखंड अजून दणदणीत आहे. गंज घासा, बिजागऱ्यांना तेल द्या." माझ्यासारख्या काटकसरीच्या बाईला याहून गोड काय ऐकायचं असतं! स्लॅब गळत होता, तर भर उन्हात गच्चीवर गवंड्याशेजारी उभं राहून त्यांनी तो नीट करून घेतला. आता गावातली मुलं घर बघायला येतात, आणि भाऊजीच ते उत्साहाने दाखवतात.

या महिन्यात ताईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. जवळच्या देवळा गावात एका डॉक्टरांचं त्याच काळातलं घर पाडायचं घाटतंय, असं कळल्यापासून त्यांचा जीव तिकडे लागला आहे. लोक म्हणतात, आता ताईंनी आराम करावा. मी मात्र देवाकडे त्यांच्यासाठी आराम मागत नाही. दणकट गुडघे, स्वच्छ नजर आणि भरपूर वर्षं मागते. ताई, देवळ्याला कधी निघायचं ते कळवा. डबा घेऊन मी येते, आणि भाऊजींनाही आणते. त्या डॉक्टरांशी बोलायला तेच बरे!