कसलं नाही ते सांग

गुंडोपंताला कुणी ‘न्हाय’ म्हणलं की त्यो चष्मा कपाळावर चढवायचा आन इचारायचा, “कसलं नाही ते सांग.” पान खानार का म्हणून इचारलं आन समोरचा न्हाय म्हणला, तरी बी हेच. आमच्या गिरणीत त्यो हेडकारकून. साहेब गोरा. आमी बाया सुताच्या खात्यात, रिळं भरायला. आमचं बोलणं साहेबाला सांगायचं आन साहेबाचं आमाला, ह्ये पंताचं काम. मानूस वंगाळ होता. मेला म्हणून गोड बोलायची मला सवय न्हाय.

इंग्रजीचा लई ताठा. आमच्या खात्यात आला की सुरू व्हायचा. “तुमचं एकच नाही. म्हशीनं मान हलवावी तसं. साहेबाकडं बघा. ऑब्जेक्ट केलं तर साहेब खुर्चीवर बसून ऐकून घेतो. डिस्प्यूट केला तर कागद वरपर्यंत जातो. रिफ्यूज केलं की फाटकाबाहेर. आणि क्वारल म्हणजे तुम्ही नळावर करता ते.”

माझ्या शेजारच्या रिळावर मल्लव्वा. अक्कलकोटाकडची, तोंडाची तिखट. ती इचारायची, “आन साहेब सोता न्हाय कसं म्हणतो वो, पंत?”

मग पंत खुलायचा. “साहेब ‘नाही’ म्हणतच नाही. म्हणतो, आय ॲम अफ्रेड. मला भीती वाटते. साहेबाला भीती वाटली की समज, तुझी रजा गेली.”

“म्हंजे भितोय त्यो आन मरतोय आमी,” मल्लव्वा म्हणायची. बाया हसायच्या. पंत न्हाय हसायचा.

माझा मालक तापानं गेला तवा गोदी पोटात होती. सासरच्यांनी कवाड लावलं. गिरणीत लागले आन पोरीची झोळी दोन खांबांना बांधून काम करू लागले. समद्याच बाया तसं करायच्या. येता जाता पायानं हेलकावा द्यायचा, पोर रडलं तर दोन घोट पाजायचं. एक दिवस साहेब आला, नाक मुरडलं, पंताला काय तरी बोलला. पंत आमच्याकडं वळला.

“उद्यापासून झोळ्या बंद. पोरं घरी ठेवायची. साहेब विचारतात, कुणाला ऑब्जेक्शन आहे का?”

आमी समद्या पदर म्होरं वडून, खाली मान घालून गप. आमच्यात सून सासऱ्याम्होरं न्हाय म्हणत न्हाय. गप उभी ऱ्हाती. मग सासू सासऱ्याला सांगती, पोरीला पटलं न्हाय, सबूद मागं घ्या. ह्यो रिवाज साहेबाला कुटनं कळनार? पन पंत शुक्रवार पेठंतला, माझ्याच गल्लीत ऱ्हायचा. त्याला चांगलं कळत होतं. त्यो साहेबाला म्हणला, “नो ऑब्जेक्शन, सर.”

झालं. दुसऱ्या दिवसापासनं पोरास्नी अफू चाटवायची आन कडी लावून यायचं.

मी फाटकात पंताला धरलं. “पंत, आमी गप का बसलो ते तुमाला कळलं न्हाय व्हय?”

“कळलं की. पण साहेबाच्या मुलखात जो गप बसला तो हो म्हणाला. तुमची खाली घातलेली मान मी इंग्रजीत कशी सांगू?”

“आन तुमच्या बाई? त्या तुमच्याशी बोलत न्हाईत. त्यांनी कशाला हो म्हणलंय?”

गल्लीला ठावं होतं. त्यानं परकराच्या वयातली लेक दोन बायका मेलेल्या तिजवराला दिली, तवापासनं बाई त्याला जेवायला वाढायची, पन एक सबूद बोलायची न्हाय. पंत लालभडक झाला. “तोंड सांभाळ, रखमे. साहेबापुढं उघड, मग बघू.”

पुढं काय दिसांनी मल्लव्वा घरी गेली, तर तिचं तान्हं उठलंच न्हाय. अफू ज्यादा झाली. चौथ्या दिवशी ती कामावर आली. तवापासनं ती कुणाची चेष्टा करताना मला दिसली न्हाय.

तवा आमी समद्या साहेबाच्या हापिसात गेलो. साहेब कागदातनं वर बघंना. मी पदर मागं सारला, त्याच्या तोंडाकडं बघितलं आन म्हणलं, “न्हाय. उद्या माझी पोर झोळीत हितंच येनार.”

पंतानं चष्मा कपाळावर चढवला. “कसलं नाही ते सांग.”

“तुमीच ठरवा. इंग्रजी तुमचं हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मल्लव्वाकडं बघितलं. मग माझ्याकडं बोट केलं. “शी रिफ्यूजेस, सर.” आन बाकीच्यांवरनं हात फिरवला. “दे ऑब्जेक्ट.”

साहेब मला म्हणला की त्याला भीती वाटती. मला उलगडून सांगायची गरज पडली न्हाय. त्याच दिवशी माझं नाव कटलं. बाकीच्यांचं मातूर त्यानं खुर्चीवर बसून ऐकलं. खात्यामागं पत्र्याची खोली होती, तितं झोळ्या बांधायला मिळाल्या आन बघायला एक म्हातारी ठिवली.

मी निघाले तर पंत फाटकात उभा. “एकीनं रिफ्यूज केल्याशिवाय साहेब बाकीच्यांचं ऑब्जेक्शन ऐकत नाही. त्यांची पद्धतच तशी आहे.”

“मग ती एक तुमी का न्हाय झाला?”

त्याचा हात चष्म्याला गेला. पन चष्मा वर चढला न्हाय, आन सवाल बी आला न्हाय.

मी एका तेलुगू विणकराकडं कांड्या भरायला लागले. गोदी मागाखालीच रांगली, तितंच चालायला शिकली. उपास घडले, पन अफू न्हाय घडली.

पंत मेला तवा मी त्याच्या घरी गेले होते. गल्लीतलं मानूस, जावं लागतंय. बाई भिंतीला टेकून बसली होती. पदर म्होरं वडलेला, डोळे कोरडे. बाया एकमेकीस्नी सांगत होत्या, “दुःखानं वाचा बसली बिचारीची.” एक जण तिला हलवाय लागली, “रडा हो बाई, काय तरी बोला.”

मी त्या हलवणारीचा हात धरून बाजूला केला. म्हणलं, “ऱ्हाऊ द्या. त्या बोलायल्यात की.”