क्लोरीन उडालं आणि दाजी झोपले

आमच्या घरात क्लोरीनविरुद्धचा लढा मी एकट्यानं पुकारला आणि त्यात आमचे नवेकोरे दाजी जायबंदी झाले.

धुळ्यात त्या उन्हाळ्यात नळाला पाणी यायचं ते चहाच्या रंगाचं आणि दवाखान्याच्या वासाचं. धरणानं तळ गाठलेला. गाळ, कुजका पाला तसाच ठेवून नगरपालिका वरून ब्लीचिंग पावडर ओतायची! मी एका पत्रकात वाचलं, की असल्या घाणीशी क्लोरीन मिसळलं की घातक द्रव्यं तयार होतात. वर्षानुवर्षं पोटात गेली तर कर्करोगाचा धोका! (पत्रकात छापलेलं मला कधी खोटं वाटलंच नाही.) मी तडक पालिकेत गेलो.

"साहेब, पाण्याला वास मारतो!"

"मारणारच. वास आला म्हणजे औषध पडलं."

"आणि गाळ?"

"तो खाली बसतो. तुम्हीही बसा, चहा घ्या."

त्याच पाण्याचा चहा! मी संतापून घरी आलो आणि स्वतःच जनतेचं आरोग्य हाती घेतलं. जनता म्हणजे आई, आबा आणि लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली अक्का. क्लोरीन उघड्यावर उडून जातं, एवढं मला ठाऊक होतं. मी हंडे, कळश्या, पिंप, सगळं गच्चीवर नेलं आणि झाकणं काढून दोन दिवस उन्हात ठेवलं. वास गेला! (कबुतरं आली, पण पत्रकात कबुतरांबद्दल काहीच नव्हतं.)

सणाच्या आदल्या दिवशी सावद्याहून दाजी आले. आई अक्काच्या कानात पुटपुटली, "जावई खूश होऊन गेले, तरच दरवर्षी आखाजीला पाठवतील हो तुला."

दाजींनी तांब्या तोंडाला लावला. "वा! धुळ्याचं पाणी इतकं गोड?"

"क्लोरीनमुक्त आहे, दाजी!" मी छाती फुगवली. दाजींनी आणखी दोन तांबे रिचवले.

आखाजीच्या सकाळी आईनं खापरावर मांडे टाकायला घेतले आणि दाजींनी टमरेल उचललं. मग आबांनी. मग मी. घरात संडास एकच! दाजी आतून कण्हत होते, आबा दार ठोठावत होते.

"बठ्ठा घरले जुलाब लागनात! कोठे शे तुन्हं पत्रक?"

"संडासात, आबा. दाजी वाचताहेत."

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, दाजींना सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावलं. "पत्रक खरं आहे. पण ते सांगतं, आधी गाळ काढा, मग क्लोरीन टाका. तू क्लोरीन काढलंस आणि गाळ ठेवलास!"

"पण पालिका गाळ काढतच नाही!"

"मग पालिकेशी भांड. जावयाशी कशाला?"

अक्का कोपऱ्यात मुसमुसत होती. "आता मला कोण पाठवणार इथं!"

तिसऱ्या दिवशी दाजी उठून बसले. सगळे खाटेभोवती जमले.

"कुसुमला दर आखाजीला पाठवेन," ते क्षीण आवाजात म्हणाले. अक्काचा चेहरा फुलला. "फक्त तेवढे दिवस साल्याला गावाबाहेर ठेवा."

"दाजी, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे!" मी गरजलो. आबांनी माझी पिशवी भरायला घेतली.

तेव्हापासून दर आखाजीला मी जळगावला मावशीकडे असतो. तिथल्या नळालाही तोच वास! मी अजूनही लढायला तयार आहे. पण मला तहान लागली, तरी पाणी मावशीच ओतून देते.